नातं आहे, म्हणून मदत नाही?

"सख्खी आजी आहे ना? मग सांभाळेल की. त्यात सरकारचा काय संबंध?" पोरकी मुलं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना, मामा-मामींना, काका-काकूंना नियमित पैसे आणि सोबतीला एखादी प्रशिक्षित कार्यकर्ती मिळाली पाहिजे, असं म्हटलं की पहिलं उत्तर हे येतं. ग्रामपंचायतीत येतं, शिकल्यासवरल्या लोकांच्या बैठकीतही येतं. अशा कुटुंबांबरोबर काम करणं हा माझा व्यवसाय आहे आणि हे उत्तर मला साफ अमान्य आहे.

कर्तव्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यांत सोज्वळ दिसतो. आपल्याकडे पोरकं मूल उघड्यावर पडत नाही, आजोळ त्याला पदराखाली घेतं, असं म्हणतात. खरंच घेतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आईबाप गमावलेली, बापाच्या आत्महत्येनंतर उरलेली, आईने दुसरा संसार मांडल्यावर मागे राहिलेली कितीतरी मुलं आज नातलगांच्याच घरी वाढताहेत. पण कर्तव्य मान्य असलं म्हणून ते पेलण्याची ऐपत येत नाही. साठी ओलांडलेली बाई खुरपणीला जाऊन आपल्यापुरतं कमावत असते. एका रात्रीत तिच्या घरी दोन नातवंडं येतात. तिची मजुरी वाढत नाही; उलट धाकट्याला ताप आला की तिचा खाडा होतो. तेच मूल परक्या घराने किंवा संस्थेने सांभाळलं असतं, तर खर्च द्यायला हवा हे आपण सहज मान्य केलं असतं. मग जिने "नाही" म्हटलं नाही तिलाच मदतीतून वगळायचं, हा कुठला न्याय? इंग्लंडमध्ये हाच भेदभाव न्यायालयात गेला होता. मुलांची सोपवलेली जबाबदारी घेणाऱ्या नातलगांना मँचेस्टरची नगरपालिका परक्या पालकांपेक्षा कमी भत्ता देत होती. २००१ साली उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. प्रेमाची जागा पैशाने घ्यावी असं त्या नातलगांचं म्हणणं नव्हतं. मुलाचं जेवण, वह्या आणि चपला यांची किंमत नातं पाहून कमी होत नाही, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पैसे सुरू केले की नातलग पैशासाठीच मूल ठेवून घेतील म्हणे. आपल्या राज्याची बाल संगोपन योजना २०२१ पर्यंत मुलामागे महिन्याला ४२५ रुपये देत होती. मग ते १,१०० झाले आणि २०२३ साली २,२५०. म्हणजे आजच्या दराने दिवसाला ७५ रुपये, तेही वेळेवर आले तर. एवढ्यावर डोळा ठेवून वाढत्या वयाचं, रात्री दचकून उठणारं मूल वर्षानुवर्षं सांभाळणारा लोभी माणूस मला अजून भेटायचा आहे. बालगृहाच्या अधीक्षकाला पगार मिळतो, स्वयंपाकिणीला मिळतो, पहारेकऱ्याला मिळतो. त्यांच्या हेतूवर कुणी शंका घेत नाही. शंका फक्त आजीवर!

तरी या आक्षेपात एक खरा भाग आहे आणि तो झाकून ठेवणं मुलांच्या हिताचं नाही. मुलाच्या सातबाऱ्यावर नजर ठेवून त्याला जवळ करणारा काका असतो. धाकट्यांना सांभाळायला म्हणून भाचीची शाळा सोडवणारी घरं असतात. "जबाबदारी एकदाची उरकायची" म्हणत सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न ठरवणारेही असतात. रक्ताचं नातं ही सुरक्षिततेची हमी नव्हे. पण म्हणून मदत बंद केली तर त्या पोरीचं काय होईल? आज निदान गृहचौकशीच्या निमित्ताने कुणीतरी त्या उंबऱ्यापर्यंत जातं. तेवढंही उरणार नाही. खऱ्या नातलगांना उपाशी ठेवून खोटे नातलग सुधारत नाहीत. ते ओळखायला त्या घरी वरचेवर जावं लागतं.

मूल सरळ संस्थेत घालावं, तिथे वेळेवर जेवण आणि अभ्यास तरी होतो, असं कळवळ्याने सांगणारेही भेटतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे, आणि ते योग्यच आहे. गरिबी हे मूल घरातून काढण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्याने आई गमावली त्याच्याकडून आजी, गाव आणि मित्र एकदम काढून घ्यायचे, हा त्याच्यावरचा दुसरा घाव आहे.

आता "घरच्या गोष्टीत बाहेरची बाई कशाला?" हा प्रश्न. हे काम केवळ अर्ज भरण्याचं आहे असं वाटतं, म्हणून तो पडतो. अर्ज असतातच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, १९५६ पासून, नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि आई. आजी त्यात नाही. मुलाच्या नावावरच्या जमिनीबाबत पालक म्हणून उभं राहायचं तर तिला न्यायालयातून नेमणूक आणावी लागते. जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे लागतात, आणि मामाकडे वाढणाऱ्या मुलीच्या बापाचं घर कधीचं तुटलेलं असतं. त्या घराचा दरवाजा वाजवायला मामा जात नाही. तिथे कार्यकर्तीच जाते.

पण खरं काम कागदांच्या पलीकडे असतं. नातवंडांना सांभाळणारी आजी स्वतः लेकीला किंवा लेकाला गमावून बसलेली असते, हे आपण किती सहज विसरतो! तिच्या दुःखाला घरात जागा नसते, कारण मुलांसमोर रडायचं नाही असं तिनेच ठरवलेलं असतं. मुलाला "आई गावाला गेलीय" सांगितलेलं असतं. ते रोज एसटीच्या थांब्याकडे बघतं आणि पुढे शाळेतल्या कुणाकडून तरी खरं ऐकतं. ते खरं कुणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं? दुसरं लग्न केलेली आई दिवाळीला भेटायला येऊ पाहते आणि आजी तिला दारात उभं करत नाही. दोघींचाही राग समजून घेऊन मुलाची भेट कशी घडवायची? हे शेजारीपाजारी करू शकत नाहीत, कारण ते कुठल्या तरी एका बाजूचे असतात. ज्यांना हे नाक खुपसणं वाटतं, त्यांनी त्या घरी एक संध्याकाळ बसून पाहावं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. अनुदान महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडलं पाहिजे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम ४,००० रुपये आहे. राज्याच्या योजनेने निदान तिथपर्यंत यावं. शाळेने, दवाखान्याने आणि बँकेने मानलंच पाहिजे असं बाल कल्याण समितीचं एकच पत्र सांभाळणाऱ्याच्या हातात असावं. प्रत्येक कार्यकर्तीकडे इतकीच कुटुंबं असावीत की ती प्रत्येकाच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊ शकेल. आणि आजी सत्तरीची, नातू सहा वर्षांचा असेल, तर तिच्यानंतर कोण, हे ती हिंडतीफिरती असतानाच ठरायला हवं. मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार अज्ञानत्व व पालकत्व कायदा आई-बापाला देतो, आजीला देत नाही. तेव्हा दुसऱ्या पालकाचं नाव आजीला आणि मुलालाही विचारून समितीच्या आदेशात आजच नोंदवावं, आणि त्या माणसाचं घर पाहण्याचं काम कार्यकर्तीवर सोपवावं.