उद्योजकतेचे प्रवचन आणि बालाघाटचे सीताफळ

'नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा' हा उपदेश बीड जिल्ह्यातील तरुणांना गेली दहा वर्षे अखंड ऐकविला जात आहे. उपदेश करणारे बहुधा स्वतः मासिक वेतनावर असतात, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवावी. १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया'चा आरंभ झाला आणि दहा हजार कोटींचा निधी जाहीर झाला. हा निधी उद्योजकाच्या हाती थेट पडत नाही. तो खासगी गुंतवणूक-निधींमार्फत वाटला जातो, आणि त्यांची दारे धारूर-पाटोद्याकडे उघडत नाहीत. शिवाय पात्र ठरलेल्यास तीन वर्षे नफ्यावरील प्राप्तिकर माफ! चणे आहेत पण दात नाहीत, अशातला हा प्रकार.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून गर काढून गोठविण्याचा उद्योग हा प्रशिक्षणवर्गांचा आवडता विषय झाला. कल्पना वाईट नाही. परंतु पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत नासते, काढलेला गर काळा पडतो आणि त्याला उणे वीस अंशांच्या आसपासचे शीतगृह लागते. वीज गेली की माल गेला. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. त्या काळात फळ रोखीने घ्यावयाचे आणि गर वर्षभर उधारीने विकावयाचा. म्हणजे खरी गरज यंत्राइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, खेळत्या भांडवलाची. बँकेचा जीव मात्र यंत्रात, कारण यंत्र जप्त करता येते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिला व मागास प्रवर्गांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. तेही तीन वर्षे बँकेतच ठेवरूपाने अडकून राहते. ते हातातली रोकड समजून जो गणित मांडतो, तो पहिल्याच हंगामात फसतो.

तरुणांच्या हातून चुका होत नाहीत, असे म्हणणे ढोंगीपणाचे ठरेल. गिऱ्हाईक ठरण्यापूर्वी यंत्र येते, उद्घाटनाच्या मंडपावर पैसा उधळला जातो, भावकीतल्या भागीदारीचा कागद होत नाही, घरखर्च आणि धंदा एकाच खिशातून चालतो. पण याच चुका पुण्यातला तरुण करतो तेव्हा त्याला वडिलांची सदनिका तारते. बीडच्या तरुणाचे भांडवल पुष्कळदा आईबापांनी मुकादमाकडून घेतलेली उचल असते. धंदा बुडाला तरी ती ऊस तोडूनच फेडावी लागते आणि घरात आणखी एक कोयता वाढतो. बीड शहराची रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. तेथे गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे रखडूनही शासन 'अपयशी' ठरत नाही. कर्जाचे दोन हप्ते चुकविणारा मात्र तत्काळ ठरतो.

स्थानिक बचतीचे काय झाले, तेही पाहावे. अधिक व्याजाच्या आशेने लोकांनी मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी ठेवल्या. २०२३ नंतर बीडच्या 'ज्ञानराधा'तील ठेवी अडकल्या. पुरेशा तारणावाचून त्या एका उद्योगसमूहाकडे कर्जरूपाने वळविल्या, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. त्याचा निर्णय न्यायालय करील. परंतु ज्या पैशातून शेकडो लहान धंद्यांना खेळते भांडवल मिळू शकले असते, त्यावर ठेवीदारांचे कसलेही नियंत्रण नव्हते, हे सांगायला निकालपत्राची गरज नाही.

या बाबतीत समाजवादी चळवळही निर्दोष नाही. दुकान म्हटले की क्षुद्र भांडवलदारी म्हणून तिने नाक मुरडले, आणि सहकार साखरसम्राटांना आंदण दिला. परिणामी डोंगरातून फळ वेचून आणणाऱ्या बाईच्या हातात टोपलीपलीकडे काही उरले नाही. ती दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघते, तेव्हा तिने वेचलेल्या फळाचा नफा दुसऱ्याच्या शीतगृहात गोठलेला असतो.

धारूर परिसरात सार्वजनिक मालकीचे शीतगृह, ते चालविणारी वेचणाऱ्यांची सहकारी संस्था आणि हंगामापूर्वी हाती पडणारे खेळते कर्ज, एवढी मागणी तालुका कार्यकर्त्यांनी ऑगस्टपूर्वी ग्रामसभांतून संमत करून घ्यावी. उद्योजकता शिबिरासाठी अधिकारी गावात येतील, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न शीतगृहाच्या भाड्याचा विचारावा, आणि दुसरा वीज गेल्यास नासलेल्या मालाची भरपाई कोण देणार, याचा.