एकच खुर्ची आणि गुणवत्तेचा निकष

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले. नोंदणी, तपासण्यांचे रिपोर्ट, बिले असे सगळे काम जवळपास दोन आठवडे कागदावर करावे लागले. ऐपत असलेला पेशंट अशा वेळी खाजगी हॉस्पिटल गाठतो. पण दूरच्या राज्यातून रेल्वेने येऊन एम्सबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम करणाऱ्याने कुठे जायचे?

म्हणूनच हॉस्पिटलचा चीफ इन्फर्मेशन ऑफिसर, म्हणजे सीआयओ, कसा निवडला जातो हा आपलाही प्रश्न आहे. (माहिती अधिकारातला जन माहिती अधिकारी वेगळा.) कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, पेशंटची कोणती माहिती कोणाला दिसेल, बॅकअप कुठे राहील, हे ठरवण्यात सीआयओचा शब्द मोठा असतो.

हे पद बहुतेक ठिकाणी एकच असते. चंडीगडच्या पीजीआय प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की संवर्गात एकच पद असेल तर त्यावर आरक्षण लागू होत नाही, रोटेशननेही नाही. खाजगी हॉस्पिटलांत तर आरक्षणाचा प्रश्नच येत नाही. मग या खुर्चीकडे जाणारी वाट एकच उरते, ती 'गुणवत्ते'ची. ती मोजायची कशी, हे ठरवते निवड समिती.

मी घरातला पहिला पदवीधर. चौदा वर्षे हॉस्पिटलच्या आयटी विभागात काम करतो. नोंदणीच्या खिडकीवर कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून आपली मुले-मुली दिसतात. जिना चढत जावे तशी आडनावे बदलत जातात. एका हॉस्पिटलात सीआयओच्या मुलाखतीसाठी तांत्रिक प्रश्न काढायचे काम माझ्याकडे होते. ते प्रश्न बाजूला राहिले. कोणत्या संस्थेतून शिकलात, कोणत्या बड्या कंपनीत होतात, यावरच मुलाखती झाल्या. पॅथॉलॉजी लॅबची सिस्टीम रात्री-अपरात्री सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याबद्दल शेरा आला: 'प्रेझेन्स कमी आहे.'

मी काढलेले प्रश्न साधे होते. सकाळी आठला, ओपीडीची रांग रस्त्यावर आलेली असताना सर्व्हर पडला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय कराल? बॅकअपमधून डेटा खरोखर परत येतो का, हे शेवटचे कधी तपासलेत? क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळते, पण ज्या बाईकडे स्मार्टफोन नाही तिचा नंबर मागे पडणार नाही याची सोय काय? एकच पासवर्ड अख्खा वॉर्ड वापरत असेल, तर एचआयव्हीचा रिपोर्ट कोणी उघडला हे कसे कळेल? अशी माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. पेशंटची जात किंवा योजनेचे कार्ड कोणकोणत्या स्क्रीनवर दिसते, आणि तिथे ते दिसायची गरज काय? सॉफ्टवेअर कंपनीचा करार संपला की आपला डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल का?

कोणी म्हणेल, सायबर हल्ला थोपवायला तज्ज्ञ लागतो, इथे जात कशाला आणता? तज्ज्ञ हवाच, त्यात वाद नाही. पण ते ज्ञान या प्रश्नांच्या उत्तरांतून दिसते. आडनाव, इंग्रजीचा लहेजा आणि कॉलेजचे नाव यांतून दिसते ती घराण्याची पुंजी.

म्हणून मागणी नेमकी हवी. निकष जाहिरातीतच लिहा, प्रत्येक निकषाचे गुण आधी ठरवा आणि सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारा. समितीत डॉक्टर आणि व्यवस्थापक असतातच. त्यांच्यासोबत एक नर्स, नोंदणी खिडकीवरचा एक कर्मचारी आणि अनुसूचित जाती-जमातींचा प्रतिनिधी बसू द्या. सरकारी हॉस्पिटल असेल तर निवडीचे निकष आपण माहिती अधिकारात मागू शकतो. मागायला हवेत.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांना एक सांगणे आहे. तुम्ही सोडवलेला प्रत्येक बिघाड, नव्या सिस्टीमवर नेलेला प्रत्येक डेटा तारखेनिशी, स्वतःच्या नावाने लिहून ठेवा. तो अनुभव अर्जात मांडा आणि अर्ज कराच.

पद एकच आहे म्हणून त्यावर आरक्षण नाही, असे न्यायालयाने सांगितले. पद एकच आहे म्हणून निकषही झाकून ठेवा, असे कोणीही सांगितलेले नाही.