वर्गणीचे ऋण

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. पाण्यावरील हक्क बजावल्यावर, घडले ते आपल्या शब्दांत सांगण्याचा हक्कही बजावणे त्यांना तितकेच निकडीचे वाटले. महाड आपल्याच रायगड जिल्ह्यातले. म्हणून चिरनेरच्या या निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय मांडणे मला अगत्याचे वाटते.

याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, मार्च १८२७ मध्ये, न्यूयॉर्क येथे सॅम्युएल कॉर्निश व जॉन रसवर्म या कृष्णवर्णीयांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ काढले. आपली बाजू इतरांनी नव्हे, आपणच मांडावी, ही त्यांची भूमिका होती. ते पत्र जेमतेम दोन वर्षे चालले.

आपल्याकडील कथा निराळी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तरी काही वर्षांतच ते पत्र थांबले. ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत, पत्राचे समाजावरील ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असे त्यांना वाचकांना विचारावे लागले. १९२९ मध्ये तेही बंद पडले. पुढे १९३० मध्ये ‘जनता’ निघाले आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

ही पत्रे विरोधकांमुळे अडली, हे अर्धे सत्य होय. वाचकांची वर्गणी पुरली नाही, हे उरलेले अर्धे. अशिक्षित, अर्धपोटी समाजाला त्याचा दोष देता येणार नाही. परंतु आज पगार घेणाऱ्या आपणा माजी विद्यार्थ्यांना ती सबब उरलेली नाही. जयंतीच्या कमानीवर आपण हौसेने खर्च करतो. चळवळीच्या नियतकालिकाची वर्गणी मात्र थकवतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एका नियतकालिकाची वर्षाची वर्गणी शाळेच्या ग्रंथालयाच्या नावे भरावी. घरच्या माळ्यावर पडलेले जुने अंक रद्दीत न घालता येथे आणून द्यावेत. पालकांनी मुलांना भित्तिपत्रकासाठी स्वतःच्या वस्तीची हकीकत लिहावयास सांगावे. जो समाज आपली हकीकत स्वतः लिहीत नाही, त्याची हकीकत दुसरेच लिहितात. आणि ती त्यांना सोयीची असते तेवढीच लिहितात.