चाके कुठे थांबावीत?

नोव्हेंबर उजाडला की अमिरातीतल्या मराठी घरांत डोंगराचे बेत शिजू लागतात. सह्याद्रीत फिरलेल्या पायांना हत्ता, शौका, जेबेल जैसच्या पायवाटा खुणावतात. काही कुटुंबे आता तिथे भाड्याच्या कॅरव्हॅनने जातात. ही गाडी थेट वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, नेऊ द्यावी की ठरावीक तळावरच थांबवावी, यावर दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत.

मोकळीक मागणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. भारतातून आलेले आईवडील आणि लहान मुले सोबत असली, की वाटेच्या तोंडाशीच स्वच्छतागृह आणि पाठ टेकायला जागा असणे हा मोठा आधार असतो. गुडघे दुखणारी आजी दारातल्या पायरीवर बसून नातवंडांना चढताना पाहू शकते. हत्त्याला कॅरव्हॅन पार्क आहे. मात्र सोयींच्या तळावर पैसे मोजावे लागतात आणि ते प्रत्येकाला झेपतातच असे नाही. शिवाय कॅरव्हॅनमध्ये मैलापाण्याची टाकी असते, तंबूत ती नसते.

दुसरीकडे, वादी वुरय्याचा अनुभव विसरता येत नाही. फुजैरातली ही वादी २००९ मध्ये संरक्षित झाली, २०१० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तरीही कचरा आणि खडकांवर रंगवलेली नावे यांमुळे २०१३ च्या अखेरीस ती पर्यटकांसाठी बंद करावी लागली. टाकीचा फायदाही ती योग्य जागी रिकामी केली तरच. भांडी धुतलेले पाणी गाडीखालचा नळ उघडून तिथेच सोडले, तर धुऊन न्यायला पाऊस महिनोन्‌महिने येत नाही. साबण गोट्यांवर वाळतो किंवा मासे असलेल्या डबक्यात उतरतो. प्लास्टिकच्या हानीचे तर पुरावेच आहेत. दुबईतले पशुवैद्यक उलरिख वेर्नेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सुमारे ३०,००० मृत उंटांपैकी ३०० उंटांच्या पोटात त्याचे गोळे निघाले. शेकोटीसाठी झाडांवर कुऱ्हाड पडते, ती वेगळीच. आणि ही झाडे परकी नाहीत: इथला राष्ट्रीय वृक्ष घाफ म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी.

सुरक्षेचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली कोरड्या पात्रात येतो. अशा वेळी अवजड कॅरव्हॅन झटकन वळवता येत नाही. पुराच्या वादीत वाहन घालणाऱ्याला २०२३ पासून २,००० दिरहम दंड, परवान्यावर २३ काळे गुण (ब्लॅक पॉइंट्स) आणि ६० दिवस वाहनजप्ती अशी शिक्षा आहे, ती उगाच नाही.

तरीही सरसकट बंदी मला पटत नाही. हाकललेली गाडी आणखी आडवाटेच्या, निर्मनुष्य वादीत जाऊन उभी राहते. म्हणून माझा कौल असा: वादीच्या पात्रात चाके नकोतच आणि रात्रीचा मुक्काम फक्त तळावर, मात्र पायवाटेजवळच्या पक्क्या पार्किंगमध्ये दिवसभर थांबायला मुभा असावी, म्हणजे आजीची सोय राहील. या निर्बंधाबरोबर प्रशासनाने टाकी रिकामी करण्याची सोय असलेले स्वस्त तळही वाढवले पाहिजेत, नाहीतर डोंगर फक्त ऐपतवाल्यांचा होईल. आणि या हंगामात निघणाऱ्यांनी टाकी कुठे रिकामी करायची हे आधी ठरवावे, मगच गाडी बुक करावी.