वाद्ये, नग पाच

आमच्या परिसरातील एका देवस्थानच्या जंगम मालमत्तेची यादी तपासून द्यावी, अशी विनंती घेऊन तेथील विश्वस्त मंडळी गेल्या आठवड्यात लासुर्ण्यास माझ्या घरी आली. आणि जुन्या दप्तरांत रमण्याचा माझा स्वभाव या सदराच्या वाचकांस परिचित असल्यामुळे ते काम मी किती आनंदाने पत्करले असेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही. यादी मोठ्या दक्षतेने केलेली होती. समया किती, त्यांची उंची किती, त्यांपैकी थोरली समई कोणत्या घराण्याने कोणत्या नवसापोटी वाहिली, घंगाळाचे वजन, सतरंज्यांची लांबीरुंदी, विहिरीवरील विद्युत पंपाचा क्रमांक, सारे काही त्यात यथास्थित नोंदलेले होते. चौथ्या पानाच्या तळाशी मात्र एकच ओळ होती : ‘वाद्ये, नग पाच.’ त्या ओळीपाशी माझे चित्त जे बिघडले, ते अद्याप थाऱ्यावर आलेले नाही.

त्या पाचांत एक वीणा आहे, दोन मृदंग आहेत, एक पायपेटी आहे आणि एक ढोलकी आहे. वीणा कोठे घडली, मृदंगाला शाई कोणी भरली, पायपेटीचा भाता कोणी बदलला आणि ती ज्यांच्या घरून आली त्यांनी ती दान दिली की नुसती ठेवावयास दिली, यांपैकी एकही गोष्ट कागदावर नाही. गुंठाभर जमिनीचा हात बदलला तर तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपल्यावर मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचा वहिवाटदार कोण होता हे आजही तालुक्याच्या कचेरीत अर्ज करून काढता येते. ज्या समाजाला लेखनाची एवढी शिस्त आहे, त्याने ज्या वस्तूंतून त्याची भक्ती आणि त्याचा आनंद प्रत्यक्ष नादरूप घेतो त्या वस्तूंना ‘नग’ म्हणून मोकळे व्हावे, याचे मला मनापासून दुःख होते.

हे दुःख एरवी विश्वस्तांशी दोन शब्द बोलून निवळले असते; परंतु दैवयोग असा की, १९८० च्या सुमारास माझ्यापासून दुरावलेली माझी पहिली बेस गिटार त्याच आठवड्यात माझ्या दृष्टीस पडली.

पॉल मॅकार्टनी या जगद्विख्यात गायक-वादकाच्या पहिल्या बेस गिटारची हकीगत वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचली असेल. बीटल्स मंडळीपैकी आपला बेस वाजवणारा साथी सोडून गेल्यावर ते काम अंगावर पडलेल्या या तरुणाने १९६१ साली जर्मनीतील हांबुर्ग शहरात सुमारे ३० पौंडांस होफ्नर कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार विकत घेतली. तिची दोन्ही अंगे सारखी असल्यामुळे डावखुऱ्या माणसाने उलटी धरली तरी ती विद्रूप दिसत नसे. १९७२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून ती चोरीस गेली. होफ्नरच्या वाद्यांचे जाणकार निक वॉस यांनी दोन पत्रकारांच्या साहाय्याने २०२३ साली तिच्या शोधाची मोहीम नव्याने उघडली, तेव्हा ती ससेक्सच्या किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथील एका घराच्या माळ्यावर निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मूळ मालकाकडे पोचल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, दुरुस्तीनंतर, लंडनच्या ओटू सभागृहात त्याने ती हजारो श्रोत्यांपुढे पुन्हा वाजवली. ती तीच, हे ठरवता आले याचे कारण एवढेच की तिची छायाचित्रे होती, आणि त्या वर्षीच्या बनावटीत ध्वनिग्राहकांची जोडी मानेच्या बाजूस एकमेकींलगत बसवलेली असे, हे जाणणारी माणसे होती.

माझ्या वाद्याची छायाचित्रे कोणी काढलेली नव्हती. ते कलकत्त्यास तयार झालेले, चार तारांचे, तांबूस रंगाचे वाद्य पुण्याच्या एका दुकानातून जुनेच विकत घेतलेले होते. वडील त्या काळी वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरीस होते. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वसवलेल्या त्या वसाहतीत देशाच्या नाना प्रांतांतून आलेले कारागीर, अभियंते आणि कारकून शेजारी शेजारी नांदत असत, आणि त्यांच्यापैकीच गोव्याकडचे एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे ‘बाब’ म्हणत असू, पाळी संपल्यावर आम्हां मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. त्यांनी ते गोव्यातील आपल्या गावच्या चर्चच्या शाळेत आत्मसात केले होते. मुंबईच्या चित्रपटसंगीताला अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा यांच्यासारखे वादक-संयोजक लाभले ते गोव्याच्या याच परंपरेतून. आणि राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांची बेस गिटार ऐकू येऊ लागली, तेव्हा बाब रेडिओजवळ खुर्ची ओढून, गायकाकडे संपूर्ण दुर्लक्ष करून, केवळ तळातला तो एक आवाज आम्हांस ऐकावयास लावीत. प्रथम काहीच ऐकू येत नसे. मग काही दिवसांनी असे होई की, दुसरे काही ऐकूच येऊ नये.

वस्तुतः हा आवाज आपणांस परका नाही. तंबोऱ्याची चौथी, पितळेची तार खर्जात लागते आणि तिच्यावर बाकीच्या तिन्हींची भिस्त असते. आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा वीणा सात दिवस भूमीस टेकवावयाची नाही असा दंडक असतो. पहाऱ्याच्या याद्या लागतात, आणि रात्री दोन वाजता, जेव्हा मंडपात दोनचार वृद्धांखेरीज कोणी नसते, तेव्हा एक शेतकरी उभ्याने वीणा छेडीत असतो आणि दुसरा, नुकताच दारे धरून आलेला, पाय धुऊन त्याच्यापुढे उभा राहतो. दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि नादात खंड पडत नाही. तुकोबारायांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून लासुर्ण्यावरून पुढे जाते, तेव्हाही प्रत्येक दिंडीत विणेकऱ्याचा मान मोठा असतो, यद्यपि त्याच्या वादनाकडे कान देऊन कोणी चालत नाही. त्याच्याकडून सुरावटीची अपेक्षा नसते. त्याने आधार धरून ठेवावा, एवढीच असते. मी बेस गिटार शिकलो ते बाबांकडून, हे खरेच; परंतु त्या वाद्याचे ऑर्केस्ट्रातील स्थान काय, हे मला आजोबांच्या पहाऱ्याच्या पाळ्या पाहून अगोदरच उमगलेले होते.

आमचा ऑर्केस्ट्रा गणेशोत्सवांत आणि कारखान्यांच्या समारंभांत वाजत असे. एका वर्षी लासुर्ण्यातच कार्यक्रम चालू असता माझ्या ॲम्प्लिफायरची वायर तुटली आणि एका गाण्याच्या मध्यावर बेसचा आवाज बंद पडला. गायक गात होता, ढोलक वाजत होते, ॲकॉर्डियनही नेटाने चालले होते, तरी समोरच्या गर्दीत चुळबूळ सुरू झाली आणि पुढल्या रांगेत घोंगडीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्यास म्हणाले, “गाणं जिमिनीवरनं उचलल्यागत झालं बघ.” त्यांनी जन्मात बेस गिटारचे नाव ऐकले नसावे. संगीताविषयी पुढे मी जे ग्रंथ वाचले त्यांत या वाद्याचे याहून अचूक वर्णन मला आढळलेले नाही.

पुढे मंडळी पांगली. कोणी पुण्यास गेले, कोणी मुंबईस; मीही नोकरीनिमित्त जिल्हा सोडला, आणि सामाईक सामान ड्रम वाजवणाऱ्या मित्राच्या घरी राहिले. गिटारची चौकशी केली की दर वेळी निराळे उत्तर मिळे : ती अकलूजकडच्या एका ऑर्केस्ट्राने नेली, ती बँजो पार्टीत आहे, ती विकली, पण कोणी आणि कोणास ते ठाऊक नाही. मित्र वारला. पालखी महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे त्यांचे जुने घर गेले, तेव्हा त्यातील अडगळ उचलून पत्र्याच्या शेडमध्ये टाकण्यात आली होती. ती शेड गेल्या आठवड्यात आवरताना त्याच्या मुलाला घोंगडीत गुंडाळलेले हे वाद्य मिळाले, आणि “काका, तुमची ती हीच का, बघून घ्या,” असा त्याचा फोन आला.

ती तीच होती. तांबूस रंग काळवंडला होता, लाखेला जाळीदार तडे गेले होते, आवाजाचे बटण नाहीसे होऊन तेथे कुठल्याशा रेडिओचे बटण बसवलेले होते. परंतु सर्वांत जाड तारेच्या खुंटीची पकड पितळेची होती. मूळची पकड तुटल्यावर वालचंदनगरच्या एका टर्नरने ती मला उरलेल्या पितळी तुकड्यातून लेथवर कातून दिली होती, आणि पीळ देताना बोट घसरू नये म्हणून तिच्या कडेवर बारीक चौकड्यांची खरखरीत नक्षी उठवली होती, जिला कारखान्यातले लोक नर्लिंग म्हणत. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या हातांनी ती पाऊण इंचाची वस्तू किती मनापासून केली होती, हे चाळीसांहून अधिक वर्षांनी अंगठ्याला पुन्हा जाणवले, आणि मला काही वेळ बोलता आले नाही.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. मिरजेस तंतुवाद्यांचा जो उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला, त्याचे आद्य कारागीर फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातले. हत्यारांचे दिवस सरल्यावर तेच कसब त्यांनी सतार-तंबोऱ्यांकडे वळवले, आणि तंबोऱ्यांचे भोपळे आले ते पंढरपूरच्या आसपासच्या शिवारांतून, म्हणजे इंदापूर तालुक्यास वळसा घालून जाणाऱ्या आमच्याच भीमेच्या काठावरून. होफ्नर हे घराणेही मूळचे बोहेमियातील शोनबाख गावचे, व्हायोलिने करणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मन भाषकांची हकालपट्टी झाली, तेव्हा ते बव्हेरियात येऊन बुबेनरॉइट येथे स्थिरावले, आणि १९५६ च्या सुमारास विजेवर चालणारी बेस गिटार करावयाची वेळ आली तेव्हा वॉल्टर होफ्नर यांनी तिला आपल्या हाताला ठाऊक असलेला व्हायोलिनचाच घाट दिला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ही अत्यंत समाधानाची गोष्ट आहे. परंतु मानांकन गावाला मिळते, आणि एकेका वाद्याच्या पाठीमागे उभा असलेला एकेक माणूस मात्र अनामिकच राहतो. माझ्या टर्नरचे नाव मी आता गिटारसाठी केलेल्या नोंदीत लिहून ठेवले आहे.

गिटार बारामतीच्या एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे नेली. तारा वर्षानुवर्षे ताणलेल्या राहिल्यामुळे मान पुढे वाकली आहे आणि मधल्या पडद्यांपाशी तार पट्टीपासून बोटभर वर उचलली गेली आहे. आतली लोखंडी सळई एकदम फिरवली तर लाकूड चिरेल, म्हणून ती दर आठवड्यास किंचित फिरवीत मान सरळ करावी लागेल, असे त्याने सांगितले. नंतर त्याने खिडकीपाशी नेऊन मला पडदे दाखवले. जाड तारेखाली तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यांवर खाचा पडलेल्या होत्या; त्या माझ्या, कारण मी तेवढ्याच टापूत वाजवीत असे. परंतु दुसऱ्या तारेखाली सातव्या आणि नवव्या पडद्यांवर त्यांहून खोल खाचा होत्या, आणि पट्टीचे लाकूडही तेथे गुळगुळीत झालेले होते. तेथे माझे बोट क्वचितच गेले असेल. माझ्यानंतर कोणीतरी हे वाद्य पुष्कळ वर्षे, पुष्कळ चांगल्या तऱ्हेने, वरच्या सुरांत हिंडत वाजवले होते. रेडिओचे बटण त्याच माणसाने बसवले असावे. घोंगडीत गुंडाळून ठेवणाराही कदाचित तोच. मित्राच्या मुलाला त्याविषयी काही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असावे ते आज विचारण्याजोगे राहिलेले नाहीत.

देवस्थानच्या विश्वस्तांनी यादीचे चौथे पान नव्याने लिहावयास घेतले आहे. वीणा, मृदंग, पायपेटी, ढोलकी यांना प्रत्येकी अर्धे पान दिले असून घडवणारा, देणारा, दुरुस्त करणारा आणि वाजवणारा असे चार रकाने आखले आहेत. ढोलकीचे चारही रकाने भरले. पायपेटीच्या देणाऱ्यांविषयी दोन घराण्यांत मतभेद आहे, तेव्हा तूर्त दोन्ही नावे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत आणि एकादशीच्या भजनानंतर जुन्या मंडळींना विचारून पक्की करावयाची आहेत.

माझ्या गिटारसाठीही मी तसेच एक पान आखले आहे; त्यावर वाजवणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव असून त्याखालची जागा रिकामी आहे. वाचकांपैकी कोणी १९८० नंतर इंदापूर, बारामती अथवा माळशिरस तालुक्यातील एखाद्या ऑर्केस्ट्रात किंवा बँजो पार्टीत तांबूस रंगाची, पितळेच्या नक्षीदार खुंटीची चार तारांची गिटार पाहिली असेल, तर ती कोण वाजवीत असे, ते लासुर्ण्याच्या पत्त्यावर कळवावे. दुरुस्ती दसऱ्यापर्यंत पुरी होईल. खंडेनवमीस ती इतर वाद्यांबरोबर पुजली जाईल, आणि तोवर तो वादक सापडला तर पहिली तार त्यानेच छेडावी, असे मी कारागिरास सांगून ठेवले आहे.