चव हवीच, पण मिठासकट

वार्षिक परीक्षा संपल्या की शिवाजी पार्कवर उन्हाळी शिबिरांची झुंबड उडते आणि कट्ट्यावर बसलेल्या आईबाबांमध्ये दरवर्षीचा विषय निघतो. पोराच्या बाटलीत भरायचं काय? साधं पाणी, ग्लुकोजची पावडर, की दुकानातलं रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक? आणि ड्रिंकच घ्यायचं तर लिंबाचं, संत्र्याचं की त्या निळ्या रंगाचं? बरेच प्रशिक्षक हा सगळा प्रकार लाडात जमा करतात. ‘आम्ही नळाचं पाणी पिऊन खेळलो’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला मात्र पालकांचा प्रश्न रास्त वाटतो. चव कुठली, याला मैदानावर फार महत्त्व आहे. आपण तिचा शोध घेतो तो मात्र चुकीच्या दुकानात.

चवीला महत्त्व का, हे १९९६ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात विल्क आणि बार-ओर या दोन संशोधकांनी दाखवून दिलं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांनी ३५ अंश तापमानात तीन तास, मध्ये मध्ये विश्रांती देत, व्यायाम करायला लावला आणि सांगितलं, हवं तेवढं प्या. साधं पाणी समोर होतं तेव्हा मुलं कमी प्यायली आणि अंगातल्या पाण्याची तूट वाढत गेली. त्याच पाण्याला द्राक्षाची चव दिली, तर ती जास्त प्यायली. त्यात थोडी साखर आणि मीठ मिसळलं, तेव्हा तूट राहिलीच नाही. पाणी तिन्ही वेळा हाताशी होतं आणि कुणी अडवत नव्हतं. पण साध्या पाण्याने तहान लवकर शमते आणि शरीराची गरज भागायच्या आधीच मूल बाटली खाली ठेवतं. चवीमुळे ते आणखी चार घोट घेतं. मीठ तहान जागी ठेवतं आणि प्यायलेलं पाणी अंगात टिकवतं. सगळी गोम या दोन गोष्टींत आहे.

आता आपली मुंबई घ्या. इथे पारा नागपूरइतका चढत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अंग गार होतं ते घाम वाळल्याने, नुसता घाम आल्याने नव्हे. दमट हवेत घाम वाळत नाही, निथळतो. गारवा मिळत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढतं, आणि घामाबरोबर मीठ जातं. नेटमधून बाहेर आलेल्या एखाद्या मुलाची गडद निळी टोपी हातात घेऊन बघा. घाम वाळल्यावर कडेला पांढरी, वेडीवाकडी रेघ उमटलेली असते. बोटाने खरवडली तर भुकटी निघते. ते त्याच्या अंगातलं मीठ. काही मुलांच्या टोपीवर ती रेघ ठळक असते, काहींच्या टोपीवर जवळपास नसतेच. घाम किती येतो आणि तो किती खारट, हे माणसागणिक बदलतं. म्हणूनच सगळ्या संघाला एकच माप लावून चालत नाही.

२०२३च्या विश्वचषकात वानखेडेवर काय झालं, आठवून पाहा. २१ ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्ध शतक ठोकताना हाइनरिक क्लासेन उकाड्याने पार गळून गेला. ७ नोव्हेंबरला ग्लेन मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ धावा काढल्या, त्यातल्या कितीतरी एका जागी उभ्याने, कारण पायांतले पेटके त्याला धावू देत नव्हते. १५ नोव्हेंबरला उपांत्य सामन्यात शुभमन गिल ७९ धावांवर पेटके आल्यामुळे तंबूत परतला आणि शेवटी पुन्हा खेळायला आला. पेटक्यांना थकवाही तितकाच कारणीभूत असतो, सगळा दोष मिठाच्या कमतरतेवर टाकता येत नाही. पण ज्यांच्या दिमतीला फिजिओ, आहारतज्ज्ञ आणि मोजूनमापून केलेली पेयं आहेत, त्यांची मुंबईच्या हवेत ही गत होते. आझाद मैदानावर दिवसभर क्षेत्ररक्षण करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलासाठी सीमारेषेबाहेर काय असतं? पाण्याचा एक जार आणि सगळ्यांत मिळून दोन पेले.

दुकानातल्या बाटलीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या रॉबर्ट केड या डॉक्टरांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी पाणी, साखर आणि मीठ यांचं मिश्रण केलं, तेव्हा ते कुणाच्या घशाखाली उतरेना. त्यांच्या पत्नीने लिंबाचा रस घालायला सुचवलं आणि गाडी रुळावर आली. साखर-मीठ-लिंबू! आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे ऐकलं तर ‘यात नवीन काय’ म्हणून विचारलं असतं. आजच्या अशा पेयांत साधारण सहा टक्के साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे, आणि थोडं मीठ. दोन-तीन तास उन्हात घाम गाळणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण शिबिरात तासभर रांगेत उभं राहून दहा चेंडू खेळलेल्या मुलाला ती साखर कशाला? त्याला साधं पाणी पुरे. २०१६ साली ब्रिटनमध्ये तेरा पेयं विश्रांतीत असलेल्या माणसांना देऊन कुठलं अंगात जास्त टिकतं ते तपासलं गेलं. त्यात दूध आणि ओआरएस पाण्याच्या पुढे निघाले. स्पोर्ट्स ड्रिंक पाण्याहून वेगळं ठरलं नाही.

मग आपल्या गिरगाव-दादरच्या पेयांचं काय? उसाचा रस मला जीव की प्राण, पण त्यात साखर तेरा-चौदा टक्क्यांच्या घरात. इतका गोड रस पोटात रेंगाळतो, त्यामुळे खेळ चालू असताना नको. शिवाय बर्फ कुठला, हे बघायलाच हवं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, आणि घामातून मुख्यतः जातं ते सोडियम. शहाळं प्या, बरोबर काहीतरी खारट खा. पियूष म्हणजे पक्वान्न. सामना जिंकल्यावर ‘प्रकाश’मध्ये नाहीतर गिरगावात पणशीकरांकडे जाऊन खुशाल प्यावं. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक खेळानंतर उत्तमच, खेळताना मात्र काहींना जड जातं. फसफसणाऱ्या सोड्याने पोट फुगतं आणि मूल दोन घोटांत थांबतं, त्यामुळे तो बाद.

माझं मत कोकमाच्या आगळाला. लालबाग-परळच्या चाळींत मे महिन्यात गावाहून परतणाऱ्या पिशव्यांमध्ये ही बाटली हमखास असायची, आणि आजही कोकणी मालाच्या दुकानांत ती मिळते. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. ते फोडून सालींना मीठ लावून ठेवलं की जो लालजर्द रस सुटतो, तो आगळ. म्हणजे मीठ त्यात मुळातच असतं. दुकानात घेताना मात्र घोटाळा होतो. आगळाशेजारीच अमृत कोकम असतं, तोच रंग, तशीच बाटली, पण तो साखरेचा पाक. बहुतेक जण गोड म्हणून तेच उचलतात आणि मुलांना रंगीत साखरपाणी पाजतात. आगळ घ्या. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे आगळ, आठ-नऊ चमचे साखर, चिमूटभर जिरेपूड, झालं. वेगळं मीठ चव घेतल्याशिवाय घालू नका, कारण प्रत्येक घरच्या आगळात ते कमीजास्त असतं. कोकम नको असेल तर दोन लिंबं, तेवढीच साखर आणि पाव चमचा मीठ. मिठाची परीक्षा सोपी आहे. ओआरएस घरी करताना सांगतात तीच, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. माठातल्या पाण्याइतकं गार ठेवा. आणि आंबट पेय तासन्‌तास चघळत ठेवलं तर दातांना बाधतं, तेव्हा मागाहून पाण्याची चूळ भरायला लावा.

आंबट-खारट चवीचा एक फायदा घरी बसून कळत नाही. दमलेल्या, तोंड कोरडं पडलेल्या मुलाला फार गोड नकोसं होतं. पहिला घोट छान लागतो, तिसऱ्याला तोंड चिकट होतं आणि बाटली परत पिशवीत जाते. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं आणि बाटली संपते.

पार्कपासून पुढे परळ-लालबागकडे गेलं की गोष्ट जास्त गंभीर होते. हा कबड्डीचा मुलूख. खेळ मातीवरून मॅटवर आला, मैदानातून बंदिस्त सभागृहांत शिरला आणि तिथे वाऱ्याची झुळूकही नसते. पण खरी भीती वजनाची आहे. लहान वयाच्या गटांना वजनाची मर्यादा असते, आणि ती गाठण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडणारी, जाड कपडे घालून धावणारी, थुंकून थुंकून वजन उतरवणारी मुलं आजही दिसतात. अर्धा-एक किलो चरबी रात्रीत उतरत नसते. उतरतं ते पाणी. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दम आणि लक्ष दोन्ही ढळू लागतात, आणि असं सुकलेलं मूल काट्यावरून उतरून चढाईला जातं. प्रशिक्षकांना हे ठाऊक असतं. तरीही ते मुलाला तसं करू देतात याची मला चीड येते. वजन बसत नसेल तर त्याला वरच्या गटात खेळवा. आणि काटा झाल्यावर घटाघटा साधं पाणी ढोसू देण्याऐवजी ते मीठ-साखरेचं सरबत थोडं थोडं पाजा. नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली, त्यात १३ टक्के जणांचं सोडियम घसरलेलं आढळलं होतं.

ओआरएसबद्दलही गैरसमज आहेत. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, तेव्हापासून जगभर ही पुडी माहीत झाली. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे जातं, हे त्यामागचं तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम आहे. मात्र त्याच नावाने भरपूर साखरेची फळांच्या चवीची खोकी वर्षानुवर्षं औषधांच्या दुकानांत विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध चिकाटीने लढल्या आणि ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली. जुलाब-उलट्या झाल्या तर खरी पुडीच हवी. रोजच्या नेटसाठी तिची गरज नाही, आणि तिची चव मुलांना आवडतही नाही.

आता मागणी. हॅरिस आणि गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या सामन्यांना शाळा गणवेश देतात, किट देतात, बसही करतात. सीमारेषेजवळ सरबताचा एक थर्मास ठेवणं त्यापुढे काहीच नाही. दोन डझन लिंबं, अर्धा किलो साखर आणि तीन चमचे मीठ यात अख्ख्या संघाचा दिवस निघतो. आयोजकांनी नियमातच लिहावं की ऑक्टोबरच्या उन्हात पेयपानाची सुट्टी दर तासाला होईल आणि दोन्ही संघ मीठ-साखरेचं पेय आणतील. प्रत्येकाला वेगळा पेला, हेही लिहावं. प्रशिक्षकांनी ‘पाणी पिऊन धावलास तर पोटात कळ येईल’ हा दम देणं थांबवावं. कळ येते ती एकदम पोटभर प्यायल्याने. दर वीस मिनिटांनी अर्धा ते एक पेला, या हिशोबाने नऊ-दहा वर्षांचं मूलही आरामात पितं.

आणि पालकांनो, चव घरच्या डायनिंग टेबलावर ठरवू नका. एका बाटलीत आगळ, दुसरीत लिंबू असं भरून मैदानावर न्या आणि नेट संपल्यावर, मूल घामाने निथळत असताना, दोन्ही पुढे करा. जी रिकामी होईल ती उद्या पुन्हा भरा. महिन्याभराने त्याला कंटाळा आला तर कैरीचं पन्हं करून बघा, तेही पातळ आणि चिमूटभर मीठ घालून.