पोलिओचे थेंब आणि रविवारची ड्युटी

"थेंबांनीच पोलिओ होतो म्हणे," असं वस्तीत अधूनमधून ऐकू येतं. हे बोलणं आम्ही उडवून लावणार नाही. त्यात तथ्याचा एक कण आहे, पण तो नीट समजला तर डोस टाळायचं नव्हे, सगळ्या मुलांना द्यायचं कारण सापडतं.

आपल्या पेशीत प्रथिनं तयार करणारं यंत्र असतं, रायबोझोम. पेशीच्या स्वतःच्या आरएनएला पुढच्या टोकाला एक टोपी असते. रायबोझोम ती धरतो, पुढे सरकतो आणि सुरुवातीची खूण दिसली की कामाला लागतो. पोलिओच्या विषाणूला ही टोपीच नाही. त्याच्या आरएनएचा सुरुवातीचा सुमारे ७४० अक्षरांचा भाग असा दुमडलेला असतो, की रायबोझोम थेट मधेच येऊन बसतो. गेटवर पास न दाखवता कुणी सरळ मशीनवर जाऊन उभं राहावं, तसंच हे! १९८८ साली हे उलगडलं.

डॉ. अल्बर्ट सेबिन यांच्या थेंबांच्या लसीत, तिन्ही प्रकारच्या विषाणूंमध्ये, याच भागातलं एकेक कळीचं अक्षर बदललेलं आहे. तिसऱ्या प्रकारात ते ४७२वं. त्यामुळे रायबोझोमची पकड ढिली पडते, मज्जापेशींत तर जास्तच. पण बाळाच्या आतड्यात वाढताना हे अक्षर पुन्हा मूळचं होऊ शकतं. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो. आजूबाजूच्या मुलांनी लस घेतली असेल तर तिथेच संपतो, नसेल तर महिनोन्‌महिने फिरत ताकद कमावतो. दुसऱ्या प्रकाराचा हा धोका जास्त, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तो थेंबांतून काढला गेला. आता थेंबांबरोबर सुईही असते: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात.

म्हणजे भीती थेंबांची नाही, सुटलेल्या मुलांची आहे. देहू, तळवडे, चाकण असं खोल्या बदलत फिरणारं कुटुंब, बाळाचं कार्ड गावी. पल्स पोलिओ रविवारी, आणि आपल्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी! नंतर ताई घरोघरी येतात तेव्हा दाराला कुलूप. अशा आईला निष्काळजी म्हणणं आम्हाला पटत नाही. गुरुवारी वस्तीतच, विहारात किंवा अंगणवाडीत लसीकरण ठेवा, ही मागणी प्रत्येक वस्तीने लेखी द्यावी. तोवर एवढं लक्षात ठेवा: कार्ड हरवलं तरी कोणत्याही सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, आणि राहिलेला डोस तिथूनच पुढे चालू होतो.